‘हांगाच’ शिकलेल्या हातांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि बारा रात्री मी इस्पितळाच्या वॉर्डात, त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर काढल्या. दिवसा डॉक्टर येत, सिस्टर येत, औषधांची गाडी येई, नातेवाईक येत. रात्री तीनच्या सुमाराला मात्र एकच बाई येत. निळा झगा, पायात रबरी चपला, कमरेला खोचलेलं फडकं. त्या वॉर्डातल्या आयाबाई.

वडिलांची कूस बदलायची होती. माणूस अंगापिंडानं भक्कम, त्यात उजवी बाजू पूर्ण लुळी. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढायला गेलो तर बाईंनी मला हातानंच थांबवलं. खाली घातलेली आडवी चादर त्यांनी एका बाजूनं गुंडाळत अंगापर्यंत आणली, दोन्ही मुठींत घट्ट धरली, मला समोरून तशीच धरायला लावली, आणि ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत वडील कुशीवर वळलेसुद्धा. लुळा हात अंगाखाली चेंगरला नव्हता, की लघवीची नळी ताणली गेली नव्हती. मग त्यांनी टॉर्च मागितला. माकडहाडावर एक लालसर डाग होता. मला तो दिसलाही नसता. बाईंनी त्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. दाबल्यावर डाग पांढरा होत नव्हता. बाई काही न बोलता सिस्टरकडे गेल्या. सिस्टरनं येऊन पाहिलं, फाईलीत लिहिलं, आणि सकाळपर्यंत हवेची गादी आली. पाठीला जखम झाली नाही.

मी बाईंना विचारलं, हे सगळं तुम्ही कुठं शिकलात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच चुकला असावा. म्हणाल्या, ‘‘हांगाच. आनी खंय?’’

इथंच. आणखी कुठं?

हे उत्तर त्यानंतर माझ्या डोक्यातून गेलं नाही. इस्पितळाचा इतिहास म्हटला की आपल्याला डॉक्टरांची नावं आठवतात, फार तर नाइटिंगेलबाईंचा दिवा आठवतो. पण रोग्याच्या अंगाला प्रत्यक्ष लागणारे हात कोणाचे होते, ते कुठं शिकले आणि त्यांच्या शिकण्याची किंमत कोणी केली का, असा इतिहास लिहायचा झाला तर तो कसा दिसेल? आणि गंमत म्हणजे हा इतिहास सुरू करायला आपल्याला गोव्याबाहेर जावं लागत नाही.

मांडवीकाठचं राजाचं इस्पितळ

आल्बुकेर्कनं 1510 मध्ये गोवा घेतल्यावर थोड्याच काळात जुन्या गोव्यात पोर्तुगीज सैनिकांसाठी इस्पितळ उभं राहिलं. ‘ओस्पिताल रेआल’, म्हणजे राजाचं इस्पितळ. सोळाव्या शतकाच्या अखेरीला त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे होता. 1608 मध्ये पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच खलाशी आजारी अवस्थेत तिथं दाखल झाला. या गृहस्थाचं जहाज 1602 मध्ये मालदीवच्या प्रवाळात फुटलं होतं आणि पुढची पाच वर्षं तो त्या बेटांवर अडकून पडला होता. त्याला या इस्पितळाचं इतकं अप्रूप वाटलं की रोमच्या आणि माल्टाच्या नामवंत इस्पितळांपेक्षाही हे सरस, असं त्यानं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. आल्याआल्या रोग्याला स्वच्छ कपडे मिळत, उशाशी पाण्याचं भांडं आणि पंखा असे, चादरी ठरलेल्या दिवशी बदलत, जेवण चिनी मातीच्या भांड्यांतून येई. सकाळी आठ वाजता आणि दुपारी चार वाजता घंटा होई. मग भिषक, शस्त्रवैद्य, औषधं करणारे आणि रक्त काढणारे न्हावी असा सगळा लवाजमा खाटाखाटांवरून फिरे. आजच्या वॉर्डातल्या ‘राऊंड’चाच तो पूर्वज.

यातला रक्त काढणारा न्हावी आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘सांग्रादोर’ म्हणत. विद्यापीठाची पायरी त्यानं चढलेली नसे. उस्तादाच्या हाताखाली राहायचं, शीर कुठली, किती खोल, किती वेळ हे बघूनबघून शिकायचं, आणि मग परीक्षा देऊन परवाना मिळवायचा. म्हणजे हाताखालच्या माणसाची कला ही परीक्षा घेण्याजोगी आणि कागद देण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या काळच्या राजसत्तेलाही ठाऊक होतं. त्या कलेनं रोगी बरे होत की मरत, हा प्रश्न वेगळा! आज आपल्याला माहीत आहे की अशा रक्तस्रावानं अशक्त रोगी आणखी खचत असे.

पिरारनंतर तीसचाळीस वर्षांनी ताव्हेर्निए हा दुसरा फ्रेंच प्रवासी, जवाहिऱ्या, 1641 आणि 1648 असा दोनदा गोव्यात आला. तोवर इस्पितळाची रया गेली होती. एकेका रोग्याचं तीसतीस वेळा रक्त काढतात आणि आत गेलेले पुष्कळसे पाय पुढे करूनच बाहेर येतात, असं तो सांगतो. पण माझं लक्ष गेलं ते त्याच्या दुसऱ्या तक्रारीकडे. रोग्यांची सेवा करणारे लोक काळे आणि मिश्रवंशाचे आहेत, हातावर काही टेकवल्याशिवाय ते घोटभर पाणीही देत नाहीत, असं त्यानं लिहिलं आहे.

प्रवाशाच्या डोळ्यांवर त्याच्या काळाचा आणि वर्णाचा चष्मा होता, हे उघड आहे. तरी या ओळींतून एक गोष्ट निसटून आपल्या हाती लागते. पिरारच्या लवाजम्यात न दिसलेली माणसं इथं पहिल्यांदा दिसतात, आणि तीही फक्त तक्रार म्हणून. पाणी पाजणारे, कूस बदलणारे, घाण काढणारे हात. त्यांना पगार किती होता, मुळात होता का, ते स्वतंत्र होते की गुलाम, याची विचारपूस ताव्हेर्निएनं केली नाही. ज्याला कोणी काही शिकवत नाही आणि काही देत नाही, त्यानं तहानेला किंमत लावली तर दोष कोणाचा, हा प्रश्न सतराव्या शतकातच संपला असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आंतोनिया आणि तीस वैद्य

त्याआधीची एक बाई मला नेहमी आठवते. गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि 1563 मध्ये त्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ इथंच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्या संवादांत ओर्ता असतो, त्याचा कल्पित पाहुणा रुआनो असतो, एका ठिकाणी मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो. आणि अधूनमधून आंतोनिया नावाची दासी येते. ओर्ता सांगतो, अमुक झाड आण, तमुक पान दाखव. ती आणते आणि जाते. कोणतं झाड कुठं आहे आणि त्याचं कोणतं पान मालकाला हवं आहे, हे तिला नेमकं कळतं. वनस्पतिशास्त्राचा जगप्रसिद्ध ग्रंथ ज्या हातांनी आणलेल्या पानांवर उभा आहे, त्यांतले दोन हात तिचे. ती कुठं शिकली? तुम्ही ओळखलंच असेल. हांगाच.

स्थानिक वैद्यांची स्थिती तिच्यापेक्षा पुष्कळ बरी होती. 1580च्या दशकात गोव्यात राहिलेला लिन्सखोटेन सांगतो की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशपही हिंदू वैद्यांकडून औषध घेत, आणि इतर हिंदूंना सहसा न मिळणारा छत्रीचा मान त्यांना मिळत असे. पण कागद आडवा आलाच. 1618 मध्ये गोव्याच्या नगरसभेनं परीक्षेशिवाय वैद्यकी करायला बंदी घातली आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर रोखली. परीक्षा चांगलीच गोष्ट आहे, भोंदूंना आवर बसतो. पण परीक्षा कोण घेतो, कोणत्या विद्येची घेतो आणि किती जणांना दार उघडतो, यावर त्या चांगुलपणाची किंमत ठरते. पुढे 1842 मध्ये पणजीत ‘एस्कोला मेदिका’ निघाली आणि तिथून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज आफ्रिकेत दूरदूर गेले. पण त्याच पदवीवर खुद्द पोर्तुगालमध्ये त्यांना डॉक्टरकी करता येत नसे, तिथं पुन्हा परीक्षेला बसावं लागे. डॉक्टरांची ही गत, तर हाताखालच्या माणसाचं काय सांगावं!

आणि घराघरांत होती ती वैजीण. महाराष्ट्रात जिला सुईण म्हणतात ती आपली वैजीण. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे की सरळ हे सांगणारी. तिची विद्या आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे गेली. तिच्या हातून हजारो जीव सुखरूप या जगात आले, आणि तिला जंतू ठाऊक नसल्यामुळे काही बाळंतिणी तापानं गेल्याही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाहूनपाहून शिकण्याची ताकद आणि त्याची मर्यादा या दोन्ही वैजिणीच्या हातात एकत्र दिसतात.

एका शब्दाचा प्रवास

जाताजाता एका शब्दाबद्दल. आपण ज्या बाईला आया म्हणतो, तो शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला. पोर्तुगीज भाषेत ‘आइया’ म्हणजे मोठ्या घरातल्या, राजवाड्यातल्या मुलांचा सांभाळ करणारी, त्यांना वळण लावणारी मानाची बाई. तो शब्द भारतभर पसरला, इंग्रजांनीही उचलला. मुंबईतल्या साहेबांच्या बंगल्यांतून मुलं सांभाळायला आपल्या गोव्याच्या कितीतरी बाया गेल्या. आणि प्रवासाच्या शेवटी हा शब्द इस्पितळाच्या वॉर्डात पोहोचला तेव्हा त्यातला मान गळून पडला होता, उरला होता बेडपॅन.

वॉर्डाची शाळा होते तेव्हा

वॉर्डात शिकणं ही गोष्ट जुनीच. पण तिथं शिकवणंही व्हायला हवं, हा विचार रुजवला फ्लोरेन्स नाइटिंगेलनं. क्रिमियाच्या युद्धातून ती नाव घेऊन परतली आणि 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथल्या शिकाऊ मुलींनी वर्षभरात काय आत्मसात करायचं याची यादी पाहिली तर मला वॉर्डातल्या त्या रात्रीच्या बाईच दिसतात. जखमा आणि भाजलेल्या जागा बांधणं, जळवा लावणं, एनिमा देणं, हलता न येणाऱ्या रोग्याला हलवणं, भरवणं, उबदार ठेवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, रोगी खाटेवर असतानाच त्याच्या खालची चादर बदलणं, पेज आणि इतर पथ्याचं रांधणं, खोलीतली हवा खेळती ठेवणं. आणि शेवटी निरीक्षण. नाडी, कातडी, श्वास, झोप, भूक, थुंकी, जखमेचा रंग, औषधाचा परिणाम.

प्रत्येक मुलीच्या नावानं दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. कोणतं काम कितपत येतं, स्वभाव कसा, वेळ पाळते का. तोवर ही कामं लंडनमध्येही झाडूपोतं करणाऱ्या, न शिकलेल्या बायकाच करत आणि त्यांना समाजात पत नव्हती. नाइटिंगेलनं कामं बदलली नाहीत. तीच कामं नाव देऊन, क्रमानं लावून, कोणीतरी शिकवायची आणि कोणीतरी तपासायची अशी व्यवस्था तिनं केली. पाठीला जखम झाली तर बहुधा तो रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असं ती बजावत असे. म्हणजेच चादर ओढणाऱ्या हाताला तिनं रोग्याच्या जिवाची जबाबदारी दिली, आणि जबाबदारीबरोबर प्रतिष्ठा.

ही लाट मुंबईत पोहोचायला वेळ लागला नाही. 1886 मध्ये बायकांसाठी कामा इस्पितळ निघालं. 1891 मध्ये ठाण्याच्या बाई काशीबाई गणपत या परिचर्येच्या शिक्षणाला आल्या, आणि परिचर्येच्या इतिहासाच्या पुस्तकांत अशा शिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय बाई म्हणून त्यांचीच नोंद सापडते. काशीबाईंविषयी याहून जास्त कोणी लिहून ठेवलेलं नाही. नाव, गाव, साल. तेवढंही पुष्कळ म्हणायचं, आंतोनियाला गाव आणि सालही मिळालं नाही.

मग पुण्यात रमाबाई रानडे उभ्या राहिल्या. 1909 मध्ये पुणे सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या मुलींना ससून इस्पितळात परिचर्या आणि सुईणकाम शिकायला पाठवलं जाऊ लागलं. आज वाचताना यात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेनं परजातीच्या, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, त्याचं मलमूत्र काढायचं, त्याची जखम धुवायची, ही कल्पनाच सोवळ्याला भोवळ आणणारी होती. विटाळाची कामं कोणाची, हे जातीनं शेकडो वर्षं ठरवून ठेवलेलं. सुईण कोणत्या जातीची असायची आणि बाळंतिणीची घाण कोण उचलायचं, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. रमाबाईंच्या मुलींनी ही कामं शिक्षण म्हणून केली आणि कामाला पांढरा गणवेश मिळाला.

इथं मात्र थोडं थांबून पाहायला हवं. गणवेश मिळाला तो कामाला की माणसाला? कारण ससूनमध्ये या मुली शिकायला जाण्याआधीही जखमा धुतल्या जातच होत्या. धुणारे हात होतेच. नव्या व्यवस्थेत ते हात पुढे गेले नाहीत, एक पायरी खाली गेले.

पायरीखालची पायरी

हा सगळा इतिहास वाचताना मला एक आकृती पुन्हापुन्हा दिसते. हाताखालचा माणूस बघूनबघून शिकतो. कधीतरी त्या कामाचं महत्त्व कोणाच्या तरी ध्यानात येतं. मग अभ्यासक्रम होतो, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं. काम करणारा एक वर्ग वर चढतो, आणि त्याला चढायला हवंच होतं. पण तो चढला की त्याच्या पायाखाली नवा, बिननावाचा, बिनशिक्षणाचा थर तयार होतो. जुनी कामं त्याच्याकडे सरकतात. आणि तो पुन्हा हांगाच शिकायला लागतो.

आपल्या देशात हे कसं घडलं त्याचे आकडे उपलब्ध आहेत. 1946 मध्ये भोर समितीनं आरोग्याचा जो प्रचंड अहवाल दिला, त्यानुसार तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानात साधारण 7,000 परिचारिका होत्या. म्हणजे 43,000 माणसांमागे एक! सुईणी म्हणून नोंदलेल्या सुमारे 5,000. डॉक्टर साधारण 47,500. एका परिचारिकेमागे जवळजवळ सात डॉक्टर! हे गणित कोणत्याही इस्पितळात चालणारं नाही. तरी इस्पितळं चालत होती. कोणाच्या जोरावर, हे अहवालातल्या त्या आकड्यांत दिसत नाही. पण 7,000 परिचारिकांनी सगळ्या देशातल्या रोग्यांच्या कुशी बदलल्या नसतील, एवढं नक्की.

तूट भरून काढायला मदतनीस परिचारिका हवी, असं ठरलं. 1951 मध्ये पंजाबात तरणतारणच्या सेंट मेरीज इस्पितळात दोन वर्षांचा ‘ऑक्झिलरी नर्स मिडवाईफ’ अभ्यासक्रम सुरू झाला. हीच आपली ए.एन.एम. कमी शिकलेल्या मुलीला दोन वर्षांत वॉर्डातली आणि बाळंतपणाची कामं नीट शिकवायची, ती मोठ्या परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करील. कल्पना उत्तम होती. वॉर्डात शिकणाऱ्याला शिकवणारं कोणीतरी मिळालं.

पण देशाची गरज वॉर्डापेक्षा खेड्यात मोठी होती. 1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर ए.एन.एम. ही बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. 1977 मध्ये तिचा अभ्यासक्रम बदलून दीड वर्षाचा झाला. लसी, कुटुंबनियोजन, गरोदर बायकांची तपासणी यासाठी ती उपकेंद्रात गेली. आपल्याकडे घरी येऊन बाळाच्या लसीची आठवण करणाऱ्या बाई म्हणजे त्याच. त्यांच्या कामाचं मोल कोणी नाकारणार नाही. पण त्या गेल्या आणि वॉर्डातली त्यांची जागा रिकामीच राहिली. तिथं आली आया, आला वॉर्डबॉय. कागदावर त्यांचं काम साफसफाई आणि ने-आण. प्रत्यक्षात मात्र रात्री तीन वाजता कूस बदलणं, भरवणं, लघवीच्या पिशवीतला रंग बघणं.

गोव्यात मुक्तीनंतर, 1963 मध्ये, एस्कोला मेदिकाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. आपलं गोमेकॉ. पुढे ते बांबोळीच्या पठारावर गेलं, आणि पणजीतल्या जुन्या इमारतीत 2004 पासून चित्रपट महोत्सवाची गर्दी होऊ लागली. त्या व्हरांड्यांतून चालताना कधी कोणाच्या मनात येतं का, की इथं किती जणींनी किती जणांची अंगं पुसली असतील?

हात कसा शिकतो

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिकेनं 1984 मध्ये एक पुस्तक लिहिलं. नवखी परिचारिका निष्णात कशी होते याच्या तिनं पाच पायऱ्या सांगितल्या. सुरुवातीला माणूस नियम पाळतो. दर दोन तासांनी कूस बदला, म्हणजे बदला. मग प्रसंग ओळखीचे वाटू लागतात. मग कामांचा क्रम लावता येतो. मग एकेक खूण न बघता पूर्ण रोगी दिसू लागतो. आणि शेवटी नियम न आठवता हात बरोबर जागी जातो. विचारलं तर सांगता येत नाही. बेनरनं हे परिचारिकांविषयी लिहिलं, पण आमच्या वॉर्डातल्या बाई शेवटच्या पायरीवर होत्या याविषयी मला शंका नाही. ‘हांगाच’ हे उत्तर त्याच पायरीवरचं.

पण इथं भाबडेपणा नको. जो वॉर्ड बरोबर शिकवतो तोच चूकही शिकवतो. झोपल्याझोपल्या भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, हे जिला कोणी सांगितलं नाही ती बाई प्रेमानंच भरवते आणि रोग्याला न्यूमोनिया होतो. एकाच पाण्यात फडकं बुडवून चार रोगी पुसणारी बाई आळशी असतेच असं नाही. तिच्या आधीची तसंच करत होती, एवढंच. लुळ्या बाजूचा हात धरून ओढला तर खांदा निखळू शकतो, हे बघून कळत नाही, सांगावं लागतं. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की ‘हा डाग बरा दिसत नाही’ हे सिस्टरला सांगायला धीर लागतो. आमच्या बाईंना तो होता. ज्या वॉर्डात ‘तुला काय कळतं’ हे एकदा ऐकावं लागतं, तिथं पुढच्या वेळी डाग दिसूनही बाई गप्प बसतात. शिकलेलं बोलून दाखवायची मुभा हाही शिक्षणाचाच भाग आहे.

इंग्लंडला हा धडा फार महागात मिळाला. मिड स्टॅफर्डशायरच्या इस्पितळात रोग्यांची झालेली भीषण आबाळ 2013 च्या चौकशी अहवालानं जगापुढे मांडली. त्याच वर्षी कॅव्हेंडिश यांनी मदतनिसांच्या शिक्षणाचा वेगळा आढावा घेतला, आणि 2015 पासून तिथं नव्या मदतनिसांसाठी 15 निकषांचं ‘केअर सर्टिफिकेट’ आलं. ज्या देशात नाइटिंगेलची शाळा निघाली, त्याच देशाला दीडशे वर्षांनंतर पायरीखालची पायरी नव्यानं शोधावी लागली. पोर्तुगीज पासपोर्टावर तिकडे गेलेल्या आपल्या गोंयकारांपैकी काही जण आज वृद्धांच्या केंद्रांत हीच कामं करतात. इथं ज्या कामाचं नाव सांगायला लाजले असते, त्याचं तिथं प्रशिक्षण घेतात.

आपल्याकडेही दार किलकिलं झालं आहे. आरोग्यक्षेत्राच्या कौशल्य परिषदेनं ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ असं या कामाला नाव दिलं, त्याचे निकष ठरवले. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून 2021 मध्ये, एक लाख लोकांना झटपट तयार करण्यासाठी केंद्र सरकारनं सहा प्रकारचे छोटे अभ्यासक्रम जाहीर केले. त्यात घरी आणि इस्पितळात शुश्रूषा करणाऱ्यांचा समावेश होता. संकट आलं की हे हात आठवतात. प्रश्न असतो तो संकट सरल्यावरचा.

माझ्यासारख्या शिक्षण सोडून बाकी सगळ्यावर मत देणाऱ्या माणसानं उपाय सांगू नयेत. तरी एक वाटतं. नव्या मुलींना आठवड्यातून दोनदा अर्धा तास वॉर्डातच शिकवावं, आणि शिकवायला सिस्टरबरोबर जुन्या आयाबाईंनाही उभं करावं. चूक असेल ती सिस्टर सुधारील, बरोबर असेल ते नावानिशी पुढे जाईल. वीस वर्षं ‘हांगाच’ शिकलेल्या बाईंची परीक्षा घ्यावी, पण त्यांच्या कामाची घ्यावी, इंग्रजी फॉर्म भरण्याची नको. 1618 ची तीसची मर्यादा आपण पुन्हा घालू नये, एवढंच.

वडिलांना घरी आणल्यावर चार महिने ते खाटेवर होते. मदतीला एका संस्थेमार्फत मुलगी आली. वय वीसबावीस, हसरी, कष्टाळू. पहिल्याच दिवशी तिनं वडिलांच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागली. कोणी शिकवलंच नव्हतं. मग मी तिला आडवी चादर घालायला शिकवलं, एका बाजूनं गुंडाळायला शिकवलं, ‘एक, दोन’ म्हणायला शिकवलं. माकडहाडावर बोट कसं दाबायचं तेही दाखवलं. आठवड्याभरात ती माझ्यापेक्षा सफाईनं करू लागली. आता ती दुसऱ्या घरी दुसऱ्या कोणाच्या वडिलांना वळवत असेल.

तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता आठवलं की थोडं अस्वस्थ व्हायला होतं. एका परक्या आजाऱ्याची पाठ शाबूत राहणं हे माझ्यासारख्या कारकुनानं एका रात्री तीन वाजता काय पाहिलं, यावर अवलंबून असावं? वडिलांची ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. डागाची नोंद तिच्यात आहे, वेळ आहे, खाली सही आहे. तो डाग ज्यांना दिसला त्यांचं नाव मात्र कुठंच नाही, आणि खरं सांगायचं तर बारा रात्रींत मीही ते विचारलं नाही.